भुयारातली वीज : वाचकांचे प्रश्न

मुंबई आणि पुण्यात भुयारी मेट्रो धावू लागल्यापासून तिच्या विजेबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

पिंपरीहून पुणे मेट्रोने स्वारगेटला जाताना रेंज हिलपर्यंत रुळांवर नेहमीसारख्या तारा दिसतात. शिवाजीनगरच्या भुयारी स्टेशनात मात्र तारेच्या जागी ॲल्युमिनियमची एक जाड पट्टी दिसते. वीज बदलते का? आणि तारच का नाही चालत?
– एक वाचक, पिंपरी

वीज तीच राहते : २५,००० व्होल्ट, एसी (म्हणजे सतत दिशा बदलणारी), एका फेजची. बदलते ती वाहून नेणारी वस्तू.

उघड्यावर एकाखाली एक अशा दोन तारा असतात. आपल्या रेल्वेच्या नेहमीच्या मांडणीत वरची ६५ चौरस मिलिमीटरची तार खालच्या तारेचं वजन पेलते. खालची १०७ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पेंटोग्राफला, म्हणजे गाडीच्या टपावरच्या वीज घेणाऱ्या सांगाड्याला टेकते. दोन्हींवर सुमारे हजार-हजार किलोचा ताण असतो आणि तो कायम राहावा म्हणून शेवटच्या खांबावर वजनं टांगलेली असतात. खांबापाशी या दोन तारांमध्ये १.४ मीटर अंतर ठेवतात. बोगद्यात हे १.४ मीटर आणायचे कुठून? बोगद्याचा व्यास थोडा जरी वाढवला तरी तेवढी जादा माती-खडक किलोमीटरच्या किलोमीटर खणून वर काढावा लागतो. शिवाय वजनं लोंबकळत ठेवायलाही आत जागा नसते.

म्हणून छतालगत पोकळ ॲल्युमिनियमचा दांडा बसवतात. त्याची उंची सुमारे ११० मिलिमीटर असते आणि तो १० किंवा १२ मीटरच्या तुकड्यांत येतो. तुकडे आतून पट्ट्या आणि बोल्ट लावून जोडतात. दांड्याच्या खालच्या कडेला दोन ओठ असतात. एक छोटी ट्रॉली दांड्यावरून ओढत नेतात. ती ओठ फाकवते, तांब्याची तार आत बसवते आणि पुढे सरकते, की ओठ आपोआप मिटतात. तार बसण्याआधी खाचेत विशेष ग्रीस भरावं लागतं. ते एखाद्या टप्प्यात राहून गेलं, तर दमट हवेत तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये गंज धरतो, पकड सैल होते आणि तो भाग तापू लागतो. बसवतानाची दोन मिनिटांची चूक काही वर्षांनी अशी दिसते.

दांड्याचा मोठा फायदा म्हणजे त्याला ताण नाही. ताणलेली तार तुटली की दोन्हीकडून झेपावते आणि लांबवरचा सरंजाम खाली ओढते. दांड्यात ओठांनी धरलेली तार झिजली तरी तुटून खाली येत नाही. धातूचा छेदही भरपूर असल्याने मोठा करंट आरामात वाहतो.

तोटा असा, की त्याला लवचीकता नाही. तार पेंटोग्राफच्या दाबाने थोडी उचलली जाते, दांडा हलत नाही. त्यामुळे दोन आधारांमधला झोळ फार जपावा लागतो, आणि हा झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. हिशेब केला तर आधार ८ मीटरवर असताना दांडा मध्ये तीन-चार मिलिमीटर लवतो, १० मीटरवर सुमारे ८ आणि १२ मीटरवर सोळा-सतरा. गाडीचा वेग जितका जास्त, तितके आधार जवळ घ्यावे लागतात ते यामुळेच. शेजारच्या दोन आधारांची उंची काही मिलिमीटरने चुकली, तर पेंटोग्राफ तिथे दर खेपेला क्षणभर सुटतो, ठिणगी पडते आणि त्याच जागी तार आणि पेंटोग्राफवरची कार्बनची पट्टी, दोन्ही खाल्ली जातात.

आणखी एक गोष्ट स्टेशनातून नुसत्या डोळ्यांनी दिसू शकते. दांडा सरळ जात नाही, हळूहळू मध्यरेषेच्या डाव्या-उजव्या बाजूला सुमारे २०० मिलिमीटरपर्यंत सरकतो. तो सरळ ठेवला तर कार्बनच्या पट्टीला एकाच जागी करवतीसारखी खाच पडेल.

उन्हाळ्याचं काय, असंही याच वाचकांनी पुढे विचारलं आहे. समजा दांड्याचा एक विभाग ४०० मीटरचा आहे. तो मधोमध घट्ट बांधतात आणि दोन्ही टोकांकडे सरकायला मोकळा ठेवतात. तापमान ३० अंशांनी वाढलं तर प्रत्येक बाजूचा २०० मीटरचा दांडा १४ सेंटिमीटरच्या आसपास लांबतो. ही वाढ दोन विभागांमधल्या सरकत्या सांध्यात जिरते. आधारावरचा सरकता चिमटा धुळीने जाम झाला, तर दांडा सरकण्याऐवजी वाकतो आणि इन्सुलेटरला आडवा रेटतो. चिमटे साफ ठेवणं हे काम दिसायला क्षुल्लक आहे. प्रत्यक्षात दांड्याची अर्धी तब्येत त्यावर अवलंबून असते.

बोगद्याच्या तोंडाशी ताणलेली तार आणि कडक दांडा यांची गाठ पडते. तिथे दांड्याचा एक खास तुकडा लावतात. त्याच्या अंगात खाचा कापलेल्या असतात, तारेकडच्या टोकाला जास्त आणि आत जाताना कमी कमी. त्यामुळे पेंटोग्राफला कडकपणा एकदम न लागता हळूहळू लागतो. झीज मोजायला निघालेला माणूस सर्वांत आधी याच जागी शिडी लावतो.

मी हॅरोला राहतो. इथल्या भुयारी गाड्यांना वर काहीच नाही, खाली मात्र चार रूळ आहेत. बहीण बेंगळुरूला असते, तिथे तीन. मुंबईच्या मेट्रो ३ ला वर दांडा. एकच काम तीन तऱ्हांनी का?
– एक वाचक, लंडन

वीज आणणं एक वेळ सोपं आहे. ती परत कशी न्यायची, यावर या तिन्ही तऱ्हा वेगळ्या झाल्या.

लंडनच्या मूळ मांडणीत बाजूचा रूळ सुमारे अधिक ४२० व्होल्टवर आणि मधला वजा २१० व्होल्टवर असतो, म्हणजे गाडीला मिळतात ६३० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज). चाकं ज्या दोन रुळांवर चालतात त्यांतून गाडीचा करंट वाहतच नाही. तिथल्या जुन्या खोल बोगद्यांना बिडाच्या कड्यांचं अस्तर आहे आणि जमिनीत पाण्याचे, गॅसचे नळ आहेत. परतीचा डीसी करंट चाकांच्या रुळातून नेला, तर त्यातला काही हिस्सा जमिनीत झिरपतो, बीड किंवा नळ धरून चालतो आणि सबस्टेशनजवळ बाहेर पडतो. बाहेर पडताना तो धातू विरघळवतो. एक अँपिअर डीसी करंट वर्षभर लोखंडातून मातीत उतरत राहिला, तर सुमारे ९ किलो लोखंड खातो. लंडनने म्हणून परतीला वेगळा चौथा रूळ दिला. तुमच्या बेकर्लू मार्गावर क्वीन्स पार्कच्या पुढे हॅरो अँड वील्डस्टोनपर्यंत तीन रुळांवर चालणाऱ्या गाड्याही धावतात, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात मधला रूळ चाकांच्या रुळांना जोडलेला आहे.

बेंगळुरूत ७५० व्होल्ट डीसी आहे. तिसऱ्या रुळाला गाडीचा बूट (वीज घेणारा भाग) खालून टेकतो, वर संरक्षक आवरण असतं. १९८४ साली सुरू झालेली कोलकात्याची मेट्रोही ७५० व्होल्ट डीसी आणि तिसऱ्या रुळावर चालते. परतीचा मार्ग चाकांच्या रुळातूनच आहे. त्यामुळे इथे रूळ जमिनीपासून तोडून ठेवणं हाच सगळा खेळ : रुळाखाली रबरी गादी, क्लिपखाली इन्सुलेटर आणि रुळालगत पाणी-चिखल साचू न देणं. रुळाच्या बुडाशी ओली लोहभुकटी साठली की ही तोड हळूहळू मोडते आणि गंज लागलेला कळतो तो उशिरा. रूळ जमिनीला बांधलेला नसल्याने आणखी एक पेच येतो. गाडीचं अंग रुळाच्या व्होल्टेजवर असतं आणि फलाटावरचा माणूस जमिनीच्या. गाडी जोरात निघताना या दोन्हींत दहा-वीस किंवा त्याहूनही जास्त व्होल्टचा फरक पडू शकतो. माणसाच्या स्पर्शाला कायम चालेल असं व्होल्टेज युरोपीय मानकात डीसीसाठी १२० व्होल्ट आणि एसीसाठी ६० व्होल्ट धरलं आहे. फलाटावर काचेचे दरवाजे असतील तर त्यांची चौकट रुळाला जोडतात आणि दरवाजासमोरच्या फरशीखाली इन्सुलेशनचा पट्टा घालतात. फरशी धुताना त्याच्या कडांत पाणी मुरू देऊ नये, हे सफाई कामगारांना कुणीतरी सांगायला हवं.

मुंबईच्या मेट्रो ३ ला आणि पुण्याच्या भुयाराला २५ किलोव्होल्ट एसी घेतलं. एका गाडीला चढावर ४ मेगावॉट लागतात असं धरा. २५,००० व्होल्टला ते १६० अँपिअर होतात, ७५० व्होल्टला ५,३०० च्या वर. एवढा करंट लांब नेला तर वाटेतच व्होल्टेज बसतं, म्हणून डीसीत दर दोन-तीन किलोमीटरवर रेक्टिफायरचं, म्हणजे एसीचं डीसी करणारं सबस्टेशन लागतं आणि भुयारी मार्गावर ते स्टेशनच्या पोटातच बांधावं लागतं. २५ किलोव्होल्टला संपूर्ण मार्गासाठी मोजकी सबस्टेशनं पुरतात. परतीचा करंटही थोडा, आणि एसीने धातू गंजण्याचं प्रमाण डीसीच्या तुलनेत नगण्य, त्यामुळे रूळ जमिनीला बिनधास्त बांधता येतो. भिंतीवरून परतीची वेगळी तार नेऊन ठरावीक अंतरावर ती रुळाला जोडतात.

याची किंमत छताकडे मोजावी लागते. २५ किलोव्होल्टला युरोपीय मानकानुसार स्थिर अवस्थेत २७० मिलिमीटर आणि धावत्या गाडीच्या हालचालीत १५० मिलिमीटर हवा मोकळी लागते. ७५० व्होल्टला काही सेंटिमीटर पुरतात. म्हणून जुने अरुंद बोगदे डीसीवर राहिले आणि नवीन खणणाऱ्यांना निवड करता आली.

मुंबईची पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गाने धावली, तीही १५०० व्होल्ट डीसीवर. त्या काळी गाडीची मोटर डीसीच होती आणि एसीचं डीसी गाडीतच करण्याची सोय नव्हती. आज ती गाडीच्या पोटाखाली मावते. तरी डीसी संपलेलं नाही. पुण्याचीच हिंजवडी–शिवाजीनगर मार्गिका ७५० व्होल्ट डीसीवर, तिसऱ्या रुळाची आखली गेली. ती उन्नत आहे, बोगद्यातली नाही.

भुयारात मध्येच वातानुकूलनाची घरघर काही सेकंद थांबते, दिवे मात्र चालू राहतात. बिघाड असतो का?
– एक वाचक, अंधेरी

नाही. तिथे दोन सबस्टेशनांची हद्द असते. प्रत्येक सबस्टेशन तीनपैकी वेगळ्या फेजांवरून वीज घेतं, त्यामुळे शेजारच्या दोन विभागांची वीज एकमेकींना भिडू द्यायची नसते. मध्ये दांड्याचा एक मृत तुकडा ठेवतात. त्याआधी रुळालगतच्या चुंबकाकडून इशारा मिळताच गाडीचा मुख्य ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, उघडतो. गाडी वेगाच्या जोरावर पुढे जाते आणि पलीकडच्या इशाऱ्याने ब्रेकर पुन्हा जोडला जातो. दिवे बॅटरीवर टिकतात, कॉम्प्रेसरला तेवढी ताकद बॅटरी देत नाही.

ब्रेकर उघडला नाही तर पेंटोग्राफ आर्क (हवेतून वाहणारी विजेची ज्योत) ओढत मृत तुकड्यात शिरतो, दोन फेज एकमेकींना भिडतात आणि दोन्हीकडचे ब्रेकर ट्रिप होतात. गाडी नेमकी मृत तुकड्याखाली थांबली तर तिला वीजच नाही. म्हणून ही जागा चढावर, सिग्नलजवळ किंवा फलाटाच्या तोंडाशी ठेवत नाहीत आणि अडकलेल्या गाडीसाठी तो तुकडा एका बाजूने जिवंत करणारा स्विच दिलेला असतो.

पावसाळ्यात बोगदा पाझरला तर २५ हजार व्होल्टच्या दांड्यावर पाणी पडणार. मग?
– एक वाचिका, दादर

स्वच्छ पाण्याच्या चार थेंबांनी दांड्याचं काही बिघडत नाही, उघड्यावरच्या तारा चार महिने भिजतच असतात. घात होतो तो इन्सुलेटरवर. बोगद्यात पाऊस धुऊन काढत नाही. चाकं-रुळांची लोहभुकटी आणि पेंटोग्राफचा कार्बन इन्सुलेटरवर बसत राहतो. कोरडा असताना हा थर निरुपद्रवी असतो. छतातून ठिबक लागली, की त्याचा वाहक लेप होतो. आधी बारीक सुरसुर ऐकू येते, मग इन्सुलेटरच्या अंगावर झाडाच्या मुळांसारख्या काळ्या रेघा उमटतात आणि एके दिवशी त्या रेघांवरून आर्क उडून ब्रेकर ट्रिप होतो. ब्रेकर एकदा आपोआप परत चढवून पाहतात. लगेच पुन्हा उडाला, तर बिघाड ओळखणाऱ्या रिलेने सांगितलेल्या किलोमीटरच्या आसपास माणसं पाठवावी लागतात.

उपाय तीन पातळ्यांवर होतात. बोगद्याचे काँक्रीटचे तुकडे जिथे जुळतात त्या सांध्यात पॉलियुरेथेन भरून पाझर बंद करतात. ते होईपर्यंत ठिबकेखाली पन्हळ लावून पाणी भिंतीकडे वळवतात आणि दांड्यावर प्लास्टिकचं टोपरं चढवतात. इन्सुलेटर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसतात. काळ्या रेघा उमटलेला इन्सुलेटर मात्र पुसून चालवू नये, बदलावाच. धारेने पडणारं पाणी हा वेगळाच धोका आहे. छतापासून दांड्यापर्यंत सलग धार लागली, तर तीच वाट होते.

मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो आहे, मेट्रोच्या देखभालीत जायचं आहे. रात्री दांड्यावर काम करताना वीज बंद आहे याची खात्री कशी करतात?
– एक वाचक, सांगली

हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. वीज “बंद केली” आणि वीज “नाही” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यातला फरक न कळल्याने माणसं गेली आहेत.

शेवटची गाडी गेल्यावर हाती जेमतेम तीन तास असतात. कामाचा प्रमुख नियंत्रण कक्षातल्या वीज नियंत्रकाकडे पॉवर ब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळ वीज बंद ठेवण्याची परवानगी मागतो. दोघंही विभागाचा क्रमांक आणि अप की डाउन बोगदा ते मोठ्याने बोलून लिहून घेतात आणि सांकेतिक क्रमांकांची देवाणघेवाण करतात. दोन्ही बोगदे आतून जुळ्या भावांसारखे दिसतात, म्हणून आत गेल्यावर भिंतीवरची पाटी परत वाचायची. नियंत्रक दुरून ब्रेकर उघडतो, मग आयसोलेटर, म्हणजे तो विभाग बाकीच्यांपासून तोडणारा स्विच, उघडतात आणि त्याला कुलूप लावतात. किल्ली कामाचं परमिट ज्याच्या नावावर आहे त्याच्या खिशात. परमिट हातात येईपर्यंत दांड्यापासून दोन मीटरच्या आत माणूस नाही, हत्यार नाही आणि शिडीचं टोकही नाही.

पुढे लांब इन्सुलेटेड काठीवरच्या टेस्टरने दांडा तपासायचा. त्याआधी टेस्टरची स्वतःची चाचणी घ्यायची, कारण सेल संपलेला टेस्टरसुद्धा “वीज नाही” असंच सांगतो. मग डिस्चार्ज रॉड, म्हणजे दांडा केबलने रुळाला जोडणारी काठी. त्याच्या केबलचा चिमटा आधी रुळाला आवळायचा, तोही गंज खरवडून धातू चमकेपर्यंत साफ केल्यावर. त्यानंतरच रॉडचा आकडा दांड्याला अडकवायचा. काढताना उलट : आधी आकडा, शेवटी रुळाचा चिमटा. हा क्रम चुकला आणि दांड्यात वीज असली, तर तुमच्या हातातल्या केबलचं मोकळं टोक २५ हजार व्होल्टवर जातं. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एक-एक रॉड हवाच. वीज कोणत्या बाजूने येईल हे आपण ठरवत नसतो, आणि जवळून जाणाऱ्या जिवंत वाहकांमुळे बंद दांड्यातही व्होल्टेज चढू शकतं.

काम संपलं की हत्यारं यादीशी ताडून मोजायची. दांड्यावर विसरलेला पाना पहाटेच्या पहिल्या गाडीचा पेंटोग्राफ मोडतो. माणसं मोजायची, सगळे दोन मीटरबाहेर आले की रॉड काढायचे, परमिट परत करायचं. तोंडी “झालं हो, चढवा” म्हणायची सवय कुठल्याही साइटवर दिसली, तर तिथे रॉडला हात लावू नका.

दोन स्टेशनांमध्ये वीज गेली तर आत काय होतं? उतरून चालत जायचं का?
– एक वाचिका, ठाणे

स्वतःहून अजिबात उतरू नका. बहुतेक वेळा गाडी वेगाच्या जोरावर पुढच्या स्टेशनपर्यंत जाते किंवा विभागाला दुसऱ्या बाजूने वीज देऊन तिला पुढे नेतात. ती थांबलीच, तर आणीबाणीचे दिवे, ताज्या हवेचे पंखे, दरवाजे आणि घोषणा बॅटरीवर सुमारे तासभर चालतील अशी सोय असते.

बोगद्याच्या मोठ्या पंख्यांची वीज गाडीच्या विजेपासून वेगळी असते. ती बहुधा ३३ किलोव्होल्टच्या फेऱ्यातून दोन बाजूंनी स्टेशनात येते आणि तिथे ४१५ व्होल्टवर उतरते. दांडा बंद पडला तरी पंखे फिरतात. धूर असेल तर एकीकडचे पंखे हवा ढकलतात, दुसरीकडचे ओढतात आणि प्रवाशांना येणाऱ्या ताज्या हवेच्या दिशेने चालवतात. ही दिशा नियंत्रण कक्षालाच माहीत असते. मनाने उतरलेला माणूस नेमका धुराकडे चालू लागतो, भीती आहे ती याची. दोन बोगद्यांना जोडणारे आडवे रस्ते साधारण २४४ मीटरच्या आत ठेवतात, तेव्हा पलीकडच्या सुरक्षित बोगद्यात जायला फार चालावं लागत नाही.

तिसऱ्या रुळाच्या मार्गावर प्रवासी खाली उतरण्याआधी वीज बंद झालीच पाहिजे, कारण जिवंत रूळ पायाशीच असतो. वर दांडा असलेल्या बोगद्यात पायाखाली तो धोका नसतो, पण अग्निशमन दलाला थांबावं लागतं. दांडा बंद करून अर्थ केल्याचा (जमिनीला जोडल्याचा) निरोप नियंत्रकाकडून मिळेपर्यंत पाण्याची धार वर मारायची नाही. गाडीत असाल तर छत्री, काठी किंवा सेल्फी स्टिक गाडीच्या टपाकडे नेऊ नका. दिवे गेले म्हणजे दांडा मेला असं नसतं.